ट्रॉली ओढताना डिझेल कुठे जाते?



जानेवारी उजाडला की आपल्या कवठे महांकाळ भागात रस्त्यावर ट्रॅक्टरची रांग लागते. बागेतून द्राक्षे निघतात, ती नागज-केरेवाडीकडच्या बेदाण्याच्या शेडवर जातात. वाळलेला बेदाणा पुढे तासगाव आणि सांगलीच्या बाजारात जातो. त्याच वेळी उसाच्या डबल ट्रॉल्याही चालू असतात. बागेला शेणखत आणायचे असते, टंचाईच्या दिवसांत पाण्याचा टँकर ओढायचा असतो. नांगरट वर्षातून थोडे दिवस, पण ओढकाम बारा महिने. तरीही डिझेलचा विषय निघाला की आपण बोलतो ते नांगरटीवर. ट्रॉलीमागे किती डिझेल गेले याचा हिशेब फार थोड्या घरांत ठेवला जातो.

१९७३ साली अरब देशांनी तेल रोखले आणि काही महिन्यांत खनिज तेलाचा भाव जगभर जवळजवळ चौपट झाला. डिझेल जपून वापरले पाहिजे हे तेव्हापासून आपल्या देशाला पुरते कळले. १९७८ साली पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघटना स्थापन झाली आणि ट्रॅक्टर कसा चालवावा हेही शेतकऱ्याला सांगू लागली. डिझेलचा भाव आपल्या हातात नाही, पण गिअरचा दांडा आपल्या हातात आहे. आज त्याच दांड्याविषयी बोलू.

ओझे किती, ओढ किती

समजा, तुमचा ४५ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर आहे. त्याचे वजन २ टन. मागे दीड टनाची ट्रॉली आणि तिच्यात साडेचार टन माल. सगळे मिळून ८ टन झाले. हे ८ टन पुढे सरकवायला ट्रॅक्टरला किती जोराने ओढावे लागते?

चांगल्या डांबरी सपाट रस्त्यावर टनामागे साधारण २० किलोची ओढ लागते, म्हणजे ८ टनांना १६० किलो. तीच ट्रॉली शेतातल्या मऊ कच्च्या वाटेवर आली की टनामागे ६० किलो धरा, म्हणजे ४८० किलो. ओढ तिप्पट झाली. आता डांबरी रस्त्यालाच चढ लागला आणि तो वीसास एक असला, म्हणजे २० फूट पुढे गेल्यावर १ फूट वर, तर आठ हजार किलोंचा विसावा भाग म्हणजे ४०० किलोची ओढ वाढते. १६० आणि ४०० मिळून ५६० किलो.

म्हैसाळ योजनेचे पाणी आपल्याकडे कसे येते ते आठवा. कृष्णेचे पाणी पंपाने टप्प्याटप्प्याने वर उचलावे लागते आणि उचलायचे म्हटले की विजेचे बिल येते. ट्रॉलीचेही तसेच आहे. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट विजेइतकी ऊर्जा असते. पण चांगल्या इंजिनातही तिच्यातला तिसरा हिस्साच कामाला येतो. बाकीची रेडिएटर आणि धुराड्यावाटे उष्णता होऊन जाते. गिअरपेटीतली घट वजा केली तर चाकापाशी अडीच युनिट पोचतात.

या हिशेबाने ८ टनांचे धूड डांबरी सपाट रस्त्यावर १ किलोमीटर न्यायला कमीत कमी १७० मिलिलिटर डिझेल लागते. कच्च्या वाटेवर तेवढ्याच अंतराला अर्धा लिटर लागते. आणि ते १०० मीटर उंच चढवायचे तर त्या चढाचेच वेगळे पाऊण लिटरहून जास्त. हे झाले इंजिन उत्तम चालले तर. चुकीचा गिअर, मऊ टायर, कोंदलेला एअर फिल्टर असेल तर आकडा वाढतच जातो.

यातून पहिली गोष्ट निघते ती अशी, की जवळचा रस्ता स्वस्त असतोच असे नाही. २ किलोमीटरच्या मऊ पांदीपेक्षा ४ किलोमीटरचा सपाट डांबरी रस्ता डिझेलला परवडतो. करून बघा.

रेस कमी, गिअर वरचा

आता गिअरचे बघू. वरच्या हिशेबातली ट्रॉली सपाट डांबरीवर ताशी २० किलोमीटरने ओढायला चाकापाशी १२ हॉर्सपॉवर पुरतात. तुमचे इंजिन आहे ४५ चे. म्हणजे सपाटीला त्याच्या ताकदीचा तिसरा हिस्साही लागत नाही. अशा वेळी खालच्या गिअरमध्ये, हँड ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत ओढून, इंजिन बोंबलत ठेवून जाणे म्हणजे दोन पोती उचलायला दहा गडी लावण्यासारखे आहे. काम दोघेच करतात, पण भाकरी दहांना घालावी लागते.

इंजिन जितके जास्त फेरे मारते तितके स्वतःच्याच घर्षणात जास्त डिझेल खाते. म्हणून हलके काम असेल तेव्हा वरचा गिअर टाका आणि रेस कमी करा. वेग तोच राहतो, फेरे कमी होतात, डिझेल वाचते. बहुतेक ट्रॅक्टरचा पूर्ण जोर दोन हजार फेऱ्यांच्या पुढे मिळतो, पण खेच, म्हणजे चाक फिरवण्याची ताकद, त्याच्या बरीच खाली, बाराशे ते पंधराशे फेऱ्यांच्या आसपास सर्वांत जास्त असते.

पण याचीही हद्द आहे. वरच्या गिअरमध्ये इंजिन गुदमरू लागले, धडधडू लागले, ॲक्सिलरेटर दाबूनही फेरे वाढेनात आणि धुराड्यातून काळा धूर निघू लागला, तर समजा की गिअर चुकला. काळा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. तुमच्या खिशातले पैसेच ते. ताबडतोब एक गिअर खाली या. खूण सोपी आहे. थोडी रेस दिल्यावर इंजिनाने लगेच दाद दिली तर गिअर बरोबर आहे. दाद दिली नाही तर तो वरचा झाला.

चढ लागण्याआधी

आपल्या तालुक्याचा उत्तर भाग म्हणजे घाटमाथा. घाटनांद्रे, तिसंगी, कुंडलापूर या बाजूला माल न्यायचा तर चढ चुकत नाही. वीसास एक चढावर ५६० किलोची ओढ लागते हे आपण पाहिले. ताशी १० किलोमीटरने चढायचे तर चाकापाशी २० हॉर्सपॉवर लागतात आणि तुमचा ट्रॅक्टर ते काम आरामात करतो. पण ताशी २० ने चढायचे म्हटले तर चाकापाशीच ४१ लागतात. गिअरपेटीतली घट धरली की इंजिनाच्या ताकदीचा तळ लागला. मग काळा धूर, तापलेले पाणी आणि अर्ध्या चढात गिअर बदलण्याची धांदल.

म्हणून चढाच्या पायथ्यालाच गिअर खाली घ्या आणि एकाच गिअरमध्ये वर जा. भरलेली ट्रॉली चढावर थांबवून पुन्हा उचलताना क्लचवर जो ताण येतो, त्याने क्लचप्लेट जळते आणि डिझेलही जाते. चालताना क्लचवर पाय टेकवून ठेवायची सवय काहींना असते, ती तर साफ मोडा.

ट्रॉली जोडायची ती खालच्या हुकालाच. टॉपलिंकच्या जागी किंवा त्याहून उंच जागी साखळी अडकवून ओढू नका. ओढ जितकी उंचावरून, तितकी पुढची चाके उचलतात. चढावर हे झाले तर ट्रॅक्टर मागे उलथायला दोन सेकंदही लागत नाहीत.

उतारावर न्यूट्रल: सर्वांत महाग बचत

आता जी गोष्ट सांगण्यासाठी हे पत्रक काढले त्या गोष्टीकडे येतो. घाटाच्या माथ्यावर हे संभाषण पुष्कळदा ऐकू येते.

“आण्णा, न्यूट्रल टाकतो की. गाडी आपोआप खाली जातीया, डिझेल वाचतंय.”

“वाचतंय म्हणून तुला कुणी सांगितलं रे बाळा?”

“समदी तसंच करत्यात की वो.”

सगळे करतात म्हणून ते खरे ठरत नाही. नीट समजून घ्या. डिझेल इंजिनाच्या पंपावर गव्हर्नर असतो. गाडी गिअरमध्ये आहे, ॲक्सिलरेटर पूर्ण सोडलेला आहे आणि उतारामुळे चाकेच इंजिनाला फिरवत आहेत, अशा वेळी फेरे वाढलेले पाहून गव्हर्नर डिझेल बंद करतो. इंजिन फिरते, पण डिझेल पीत नाही. साध्या पंपाच्या जुन्या ट्रॅक्टरातही हे घडते आणि नव्या इलेक्ट्रॉनिक पंपाच्या ट्रॅक्टरातही घडते. उलट न्यूट्रल टाकली की इंजिनाला स्वतःच्या जोरावर चालू राहावे लागते आणि त्यासाठी डिझेल लागते. नुसत्या उभ्या ट्रॅक्टरला तासाला लिटरभर डिझेल लागते. म्हणजे १० मिनिटांच्या उतारात न्यूट्रलवरचा गडी दीडशे मिलिलिटरच्या वर घालवतो आणि गिअरमध्ये उतरणारा जवळजवळ काहीच घालवत नाही.

थोडक्यात, न्यूट्रलमध्ये डिझेल वाचतच नाही. आणि जाते काय ते ऐका.

वीसास एक उतारावर आपली ८ टनांची गाडी स्वतःच्या वजनानेच २४० किलोच्या जोराने खाली ढकलली जाते. बारास एक उतार असेल तर तोच जोर ५०० किलोंवर जातो. गिअर असतो तोवर इंजिन हा जोर अडवून धरते. न्यूट्रल झाली की सगळा भार ब्रेकवर येतो आणि आपल्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतातच. ट्रॅक्टरचे ब्रेक तापतात, तापले की धरत नाहीत. वेग वाढल्यावर गिअर पुन्हा पडत नाही. वेग दुप्पट झाला की गाडी थांबवायला चौपट जोर लागतो. मग मागची ट्रॉली ट्रॅक्टरला बाजूने रेटते, आडवी येते आणि दोन्ही उलटतात. ट्रॉलीत मालावर माणसे बसलेली असतील तर काय होते ते वेगळे सांगायला नको. दीडशे मिलिलिटर डिझेलसाठी, तेही न वाचणाऱ्या, घरातला कर्ता माणूस गमावू नका.

म्हणून नियम असा: ज्या गिअरने चढ चढला असता, त्याच गिअरने उतार उतरा. गिअर माथ्यावरच टाका, मध्ये बदलू नका. उतारावर क्लच दाबू नका, कारण क्लच दाबला म्हणजे न्यूट्रलच झाले. डावा-उजवा ब्रेक पट्टीने एकत्र जोडून घ्या. ब्रेक सतत दाबून न ठेवता, दाबा आणि सोडा. इंजिन फार ओरडू लागले तर ब्रेकने वेग कमी करा. आणि ट्रॉलीत मालावर माणूस बसवू नका.

दोन चाकी, चार चाकी आणि नवी बटणे

आता पुष्कळांकडे चारही चाकांना जोर देणारा ट्रॅक्टर आला आहे. चिखलात, वाळूत, मुरमाच्या चढावर मागची चाके जागीच फिरू लागली की पुढचा जोड घाला. जागीच फिरणारे चाक डिझेलही खाते आणि टायरही. पण डांबरी सपाट रस्त्यावर हा जोड काढून ठेवा. तिथे पुढची आणि मागची चाके एकमेकांशी झगडतात, पुढचे टायर झिजतात आणि डिझेल विनाकारण जाते. सुट्या मुरमाच्या उतारावर मात्र जोड घातलेला बरा, कारण मग इंजिनाचा अडसर चारही चाकांवर येतो. डिफरन्शियल लॉक फक्त सरळ चालताना, फसलेले चाक काढण्यापुरता वापरा. वळताना तो सोडलेला हवा.

१ जानेवारी २०२३ पासून ५० हॉर्सपॉवरवरील नव्या ट्रॅक्टरना धुराचे कडक नियम लागू झाले. त्यामुळे या ट्रॅक्टरांत इलेक्ट्रॉनिक पंप आला आणि काहींत बटणेही आली: एक डिझेल बचतीचे, एक नेहमीचे, एक जास्त जोराचे. बचतीचे बटण इंजिनाचा जोर थोडा आखडून ठेवते. रिकामी किंवा हलकी ट्रॉली सपाट रस्त्याने न्यायची तर ते ठीक आहे. पण भरलेली ट्रॉली घाटात चढवताना बचतीचे बटण दाबून ठेवाल तर इंजिन दमेल, गिअर पुन्हा पुन्हा खाली घ्यावा लागेल आणि बचत उलटी होईल. चढाच्या आधी जोराचे बटण, सपाटीला बचतीचे. बटण नसलेल्या जुन्या ट्रॅक्टरात हेच काम तुमचा हात आणि कान करतात.

जीप किंवा पिकअपला मागे गाडा जोडणाऱ्यांनीही हेच ध्यानात घ्यावे. परदेशात मोठ्या गाड्यांमागे घरवजा गाडे जोडून लोक प्रवास करतात. त्या गाड्यांत ओढकामाचे खास बटण असते. ते काय करते? चढावर खालचा गिअर धरून ठेवते आणि उतारावर इंजिनाचा अडसर लावते. म्हणजे आपला जुना ड्रायव्हर जे हाताने करतो, तेच. जीप-पिकअपच्या बाबतीत एक गोष्ट जास्त: वाऱ्याचा अडथळा. ताशी ८० च्या जागी १०० ने गेलात तर वाऱ्याचा अडथळा दीडपटीहून जास्त होतो. मिरजेपर्यंतच्या चाळीसेक किलोमीटरमध्ये या घाईने वाचतात पाच-सहा मिनिटे. ती बाजारात चहाच्या टपरीवर जातात.

माल किती भरावा?

अर्धी ट्रॉली भरून दोन खेपा करू नका. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीचे साडेतीन टन मृत वजन प्रत्येक खेपेला ओढावेच लागते. साडेचार टन माल असेल तर टनभर मालामागे पावणेदोन टनांच्या आसपास वजन ओढले जाते. निम्माच माल असेल तर अडीच टनांच्या वर. पण क्षमतेबाहेर भरणेही तितकेच वाईट. ॲक्सल, टायर आणि ब्रेक यांचा खर्च डिझेलच्या बचतीच्या कितीतरी पुढे जातो. बेदाणा टाकून परतताना रिकामे येऊ नका. खत, पेंड, बागेचे सामान, जे आणायचे ते त्याच खेपेला आणा. शेजाऱ्याशी बोलून ठेवले तर एका खेपेत दोघांचे काम होते.

निगा

ट्रॉलीच्या टायरमधील हवा आठवड्याला तपासा. मऊ टायर म्हणजे डांबरीवरही कच्च्या वाटेची ओढ. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला रानात कमी आणि रस्त्यावर जास्त हवा लागते. किती पौंड ते कंपनीच्या पुस्तकात दिलेले असते. ट्रॉलीच्या चाकाचे बेअरिंग कोरडे ठेवू नका, ग्रीस भरा. खेपेनंतर हबला हात लावून बघा. एक हब दुसऱ्यापेक्षा जास्त तापला असेल तर तिथे काहीतरी घासते आहे.

आपल्याकडे फुफाटा फार. एअर फिल्टर कोंदला की इंजिनाचा श्वास कोंडतो आणि डिझेल अर्धवट जळते. ऑइलच्या भांड्याचा फिल्टर असेल तर धुळीच्या दिवसांत ऑइल रोज बघा. कोरडा फिल्टर असेल तर पुस्तकाप्रमाणे साफ करा आणि वेळेवर बदला. पंप आणि इंजेक्टर जाणकाराकडूनच तपासून घ्या.

गळती कधीही किरकोळ समजू नका. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरा. सेकंदाला एक थेंब गळला तर तासाला १८० मिलिलिटर आणि दिवसरात्रीत ४ लिटरच्या वर गेले. संध्याकाळी काम संपल्यावर टाकी भरून ठेवा. रिकाम्या टाकीत रात्री दव धरते आणि पाणी डिझेलमध्ये उतरते. वजनकाट्यावर किंवा बाजाराच्या रांगेत थांबायचे असेल तेव्हा इंजिन बंद करा.

नवा ट्रॅक्टर घेणार असाल तर नुसता रंग आणि हॉर्सपॉवर बघू नका. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची यंत्र-परीक्षण संस्था आहे. तिथे ट्रॅक्टरची चाचणी होते आणि कोणत्या कामाला किती डिझेल लागले ते अहवालात छापले जाते. विक्रेत्याकडे तो अहवाल मागा. मागायला संकोच कसला?

एक वही, एक पेन्सिल

शेवटचे आणि सोपे काम. ट्रॅक्टरच्या पेटीत एक वही ठेवा. सकाळी टाकी काठोकाठ भरा. दिवसाचे काम झाल्यावर पुन्हा काठोकाठ भरा. जितके लिटर बसले तितके दिवसात लागले. त्यापुढे चार गोष्टी लिहा: कुठून कुठे, माल किती, मीटरवरचे तास आणि चालवणारा कोण. महिनाभर लिहा. एका आठवड्यात नेहमीच्या सवयीने चालवा, दुसऱ्या आठवड्यात वर सांगितल्याप्रमाणे. खेपा त्याच, माल तोच. मग दोन्ही बेरजा शेजारी मांडा आणि त्या दिवशीच्या भावाने गुणा. आमचे ऐकू नका, वहीचे ऐका.

भिंतीवर लावण्यासाठी

१. सपाटीला वरचा गिअर, कमी रेस.
२. काळा धूर दिसला की एक गिअर खाली.
३. चढाचा गिअर पायथ्याला, उताराचा गिअर माथ्यावर.
४. उतारावर न्यूट्रल नाही, क्लच नाही.
५. चारचाकी जोड मऊ जमिनीला, डांबरीवर काढलेला.
६. ट्रॉली खालच्या हुकाला, पिनेला चाप लावलेला.
७. हवा, ग्रीस, एअर फिल्टर वेळच्या वेळी.
८. ट्रॉलीच्या मागे लाल दिवा आणि चमकणारी पट्टी. अंधारात मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचाही कुणीतरी घरी वाट बघत असतो.

हे पत्रक ट्रॅक्टर जो चालवतो त्याला वाचून दाखवा. मालक रेडिओ ऐकतो आणि ड्रायव्हर घाटात असतो, असे होऊ नये. पोराला वाचता येत असेल तर त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्या, म्हणजे त्याच्याही ध्यानात राहील. तुमच्या वहीतले आकडे आम्हांला पत्राने जरूर कळवा. चांगला हिशेब इतर श्रोत्यांनाही ऐकवू.

ट्रॉली सुखरूप घरी येवो. राम राम.